टाकी भरली का?

"उद्यापासून या घरात कोणालाही काहीही विचारायची गरज उरणार नाही!" शुभंकरने जाहीर केलं आणि लॅपटॉप अशा काही थाटात मिटला, की नीलिमा सावधच झाली.

सावध होण्याला कारण होतं. शुभंकरने लॅपटॉप थाटात मिटला की घरातलं काहीतरी बिघडायचं, असा तिचा आजवरचा अनुभव होता. मागच्या खेपेला गीझर. त्याच्या आधी बाहेरच्या खोलीतले दिवे, जे टाळी वाजवली की लागायचे आणि कुकरची शिट्टी झाली की विझायचे! कितीतरी दिवस दोघांनी अंधारात चाचपडत वरणभात खाल्ला होता. आता पाळी कोणाची, हे तिने भीतभीतच विचारलं.

"टाकीची," शुभंकर म्हणाला.

"शुभंकर, उद्या खाली बारसं आहे!"

"म्हणून तर!"

'म्हणून तर' या दोन शब्दांपुढे कुठल्याच बायकोचं काही चालत नाही. नीलिमाने कपाळावर हात मारला आणि ती पोळ्या लाटायला गेली.

आता हे बारसं कोणाचं आणि टाकी कोणाची, ते सांगायला हवं. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या त्या घराच्या तळमजल्यावर मालक उमाजीराव आणि त्यांच्या पत्नी सकवारबाई राहत, आणि वरच्या मजल्यावर ही पुण्याची जोडी भाड्याने. उमाजीरावांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बंगळुरात आले आणि घोडा दमला म्हणून म्हणे इथेच राहिले. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कन्नड असं मुरलं होतं, की कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायची, म्हणून ही दोघंही म्हणत. बारसं त्यांच्या नातीचं होतं.

हे घर मिळायच्या आधी नीलिमाने बंगळुरात इतकी घरं पाहिली होती, की तिला स्वप्नातसुद्धा दलाल दिसायचे. एका घरात न्हाणीचं दार थेट ओट्यापाशी उघडायचं. एकात खिडकी उघडली की शेजाऱ्यांच्या मिसळणाच्या डब्यापर्यंत हात पोचायचा. इथे मात्र कावेरीचं पाणी होतं, खिडकीत जकरंदा होता, आणि अक्का गरम कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, वाटीत घालून जिन्यातून हाक मारायच्या. हे घर सोडायचं, या विचारानेच तिला रडू यायचं. आणि नेमकी तीच वेळ आली होती! करार महिनाअखेरीला संपत होता आणि उमाजीरावांच्या पुतण्याने, देवव्रतने, वरच्या मजल्यावर डोळा ठेवला होता. तो राहायचा देवनहळ्ळीला, नोकरी इकडे, आणि अर्धं आयुष्य रस्त्यावर. "काका, वरचं मला द्या," असा त्याने लकडा लावला होता. उमाजीराव नीलिमाला एवढंच म्हणाले होते, "बारसं होऊन जाऊ दे की. मग सांगतो काय ते."

तेव्हापासून नीलिमा घरात टाच टेकून चालली नव्हती. मिक्सरसुद्धा खाली भांडी घासायचा आवाज सुरू असेल तेव्हाच लावायची. आणि या असल्या नाजूक वेळी नवऱ्याला टाकी सुचली होती!

उमाजीराव माणूस म्हणून सोन्यासारखे. आजार एकच, विचारण्याचा. "दूध आलं का? पेपर आला का? पोस्टमन गेला का?" आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे "टाकी भरली का?" कावेरीचं पाणी एक दिवसाआड जमिनीखालच्या हौदात यायचं, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटर लावली की उमाजीराव अर्ध्या अर्ध्या तासात पाच वेळा गच्चीवर जाऊन टाकीत डोकावत. गुडघे कुरकुरत, अक्का ओरडत, पण माणूस ऐकत नसे.

अखेर चार महिन्यांपूर्वी शुभंकरने त्यावर तोडगा काढला होता. तो चिमुकल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायची नोकरी करायचा. त्याने गच्चीवरच्या टाकीत एक सेन्सर सोडला आणि खाली मोटरच्या पेटीत एक बोर्ड बसवला. टाकी रिकामी झाली की सेन्सर घरच्या नेटवर्कवरून बोर्डाला तसा निरोप धाडायचा, बोर्ड मोटर चालू करायचा. 'भरली' असा निरोप आला की बंद. शिवाय उमाजीरावांच्या फोनमध्ये त्याने एक बटण दिलं होतं. ते दाबलं की बोर्डाला प्रश्न जायचा आणि टाकी किती भरली त्याचं उत्तर फोनवर यायचं. चार महिने सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चाललं होतं, म्हणूनच शुभंकरला चैन पडत नव्हती!

"तो बोर्ड काय करतो माहितीये?" जेवताना त्याने विषय काढलाच. "नेटवर्कच्या चिपला सारखं विचारत बसतो. निरोप आला का? आला का? आला का? सेकंदाला हजार वेळा! दुसरं कामच नाही. याला म्हणतात पोलिंग."

"म्हणजे अण्णांसारखं."

"अगदी अण्णा! आता मी काय केलंय, इंटरप्ट. म्हणजे चिपपासून बोर्डापर्यंत एक वायर टाकली. ती बेल समज. निरोप आला की चिप बेल वाजवणार. बोर्ड उठणार, निरोप घेणार, काम करणार, परत झोपणार! दाराला बेल असताना माणूस दर मिनिटाला दार उघडून बघतो का?"

"अण्णा बघतात."

"म्हणून तर त्यांचे गुडघे गेले!"

"अरे, पण जुनं चालतंय ना? मग बारशाच्या आदल्या दिवशी कशाला हात लावायचा?"

"चालतंय गं, पण ज्या पद्धतीने चालतंय ते बघवत नाही मला. आणि दोन ओळींचा तर बदल आहे. मी टेस्टसुद्धा केलंय. प्रत्येक वेळी बेल वाजवली, प्रत्येक वेळी उठला!"

दोन ओळींच्या बदलाने काय काय होतं, हे ज्यांच्या घरात असा इंजिनियर आहे त्यांना सांगायला नको. ज्यांच्या घरात नाही, त्यांनी देवाचे आभार मानून पुढे वाचावं.

सकाळी शुभंकरने खाली जाऊन सगळ्यांना नवा कायदा सांगितला. टाकी बघायला कोणीही गच्चीवर जायचं नाही. बोर्डाला कोणीही छेडायचं नाही. मोटरच्या पेटीला त्याने चक्क कुलूप घातलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली.

"म्हणजे मी विचारायचं नाही?" उमाजीरावांचा चेहरा उतरला.

"नाही, अण्णा."

"स्वल्प पण नाही?"

"स्वल्प पण नाही. काही झालं, तर तो आपणहून उठेल."

"आणि नाही उठलं तर?"

"तर काही झालेलंच नाही!"

हे उत्तर उमाजीरावांच्या घशाखाली उतरलं नाही, पण अक्का मात्र खूश झाल्या. "सरी, बरं झालं! शंभर माणसं यायचीत, तुम्ही जिन्यावर अडमडू नका. त्यापेक्षा के. आर. पुरमला जावा आणि कृष्णाबाईंना घेऊन या स्टेशनावरून." कृष्णाबाई म्हणजे उमाजीरावांची थोरली बहीण. बाळाला सख्खी आत्या नव्हती, त्यामुळे कानात नाव सांगायचा मान या आजेआत्याचा. त्या आल्याशिवाय पाळणा हलणार नव्हता. उमाजीराव टॅक्सीत बसेपर्यंत मान वळवून गच्चीकडे बघत होते.

दहाच्या सुमाराला घर माणसांनी फुललं. अंगणात मांडव होता. पहिल्या मजल्याच्या कठड्यापासून फाटकापर्यंत लाल-पिवळं कापड ताणून बांधलेलं, त्याखाली मधोमध फुलांनी सजवलेला पाळणा, आणि पाळण्यात बाळ गाढ झोपलेलं. देवव्रत सगळ्यांच्या आधी हजर झाला होता, आणि त्याच्या हातात चक्क मोजपट्टी होती!

"वहिनी, तुमच्या बेडरूमची भिंत स्वल्प मोजून घेऊ का? कपाट बसतंय का बघायचंय."

नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बारसं होतं, मालकांचा पुतण्या होता. ती हसून म्हणाली, "आधी चहा घ्या की." अलीकडे तिलाही 'की' लागायला लागलं होतं.

आणि शुभंकर? त्याने आपला कायदा माणसांनाही लावला होता! सकाळपासून बायका त्याला कामं सांगत होत्या आणि तो प्रत्येकीला बजावत होता, "मला सारखं 'झालं का, झालं का' विचारायचं नाही. एकदा हाक मारा. हाक आली की मी उठणार, निरोप घेणार, सुटणार!" आणि खरोखरच सुटायचा. समोरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या पायात चपला असायच्या. बायका कौतुक करत होत्या, "किती चटपटीत ग तुझा नवरा!" नीलिमा तबकं लावत राहिली. तिने या चटपटीतपणाबरोबर संसार केला होता.

स्वयंपाकघरात घुगऱ्यांना खोबरं कमी पडतंय असं निघालं, म्हणून नीलिमा त्याला सांगायला निघाली. जिन्यापाशी आली तर वरून कसलासा धो धो आवाज. तिने कान दिला. पाणीच ते! ती लगबगीने अंगणात आली. शुभंकर दिव्यांची माळ लावत होता.

"शुभंकर, दोन नारळ आण घुगऱ्यांना. आणि ऐक, गच्चीवरून..."

"नारळ! घेतला निरोप!"

"अरे थांब, गच्चीवर..."

पण थांबतो कोण! फाटक वाजलं आणि स्वारी नाक्यापलीकडे. नीलिमा उघड्या तोंडाने बघत राहिली. उरलेलं अर्धं वाक्य तिला तसंच गिळावं लागलं.

ती स्वतःच गच्चीवर धावली. टाकी काठोकाठ भरून वाहत होती आणि मोटर खालून पाणी ढकलतच होती! जादा पाण्याचा पाईप एरवी अंगणातल्या पेरूच्या झाडावर सुटायचा. पण आज झाडावर मांडव होता. म्हणजे ते सगळं पाणी गेला बराच वेळ... नीलिमाने कठड्यावरून खाली पाहिलं. मांडवाच्या कापडाला मधोमध भलं मोठं पोट सुटलं होतं. बरोबर पाळण्याच्या वर!

ती धडाधड जिने उतरून मोटरच्या पेटीपाशी आली. कुलूप! किल्ली कुठे? नारळ आणायला गेलेली! तिने शुभंकरला फोन लावला. 'आपण ज्यांना फोन केला आहे ते दुसऱ्या कॉलवर आहेत.' पुन्हा लावला. दुसऱ्या कॉलवर. तिसऱ्यांदा त्याने तो चक्क कापला आणि वर संदेश धाडला, 'एका वेळी एकच. अण्णांशी बोलतोय.'

नीलिमाला तो फोन नारळासारखा आपटून फोडावासा वाटला.

तिकडे टॅक्सीतून उमाजीराव शुभंकरला कळवळून सांगत होते, "अरे शुभंकरप्पा, ते बोर्ड काही बोलेना की!"

"अण्णा, बोलत नाही म्हणजे काही झालेलं नाही. तेच तर इंटरप्टचं सौंदर्य आहे!" असं म्हणून शुभंकर दुकानदाराला नारळ वाजवून दाखवायला सांगत होता. हे संभाषण नीलिमाला नंतर कळलं, आणि ते नंतर कळलं हे शुभंकरचं नशीबच!

इकडे मांडवात भलताच प्रकार सुरू झाला होता. कापडाचं पोट सगळ्यांना दिसलं होतं, पण ते कशाचं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एक आजी म्हणाल्या फुगे असतील. देवव्रतने मात्र जाणत्या माणसासारखी मान हलवली.

"फुगे नाहीत हो, फुलं! वर फुलं भरून ठेवलीत. नाव सांगणारी आत्या आली की दोरी ओढायची, सगळी फुलं बाळाच्या अंगावर! आमच्या देवनहळ्ळीच्या हॉलांमध्ये सगळीकडे हेच करतात."

झालं! बातमी मांडवभर पसरली. माणसं पाळण्याभोवती गर्दी करून उभी राहिली. फोन वर झाले. लहान मुलांना खांद्यावर घेतलं. कापडाच्या कडेला खरोखरच एक दोरी लोंबत होती, मांडववाल्याची बांधणीची. देवव्रत ती हातात धरून सज्ज झाला.

नीलिमा मोटरच्या पेटीकडून धावत आली. "बाजूला व्हा! पाणी आहे त्यात!" पण पाळण्याची गाणी म्हणणाऱ्या बायकांनी नेमकी तेव्हाच पट्टी चढवली होती. कोणाला काही ऐकू जाईना. इतक्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. उमाजीराव बहिणीचा हात धरून उतरले आणि मांडवात पाऊल टाकता टाकता, फोन कानाशी नसतानाही, कोणाला उद्देशून नसतानाही, सवयीने म्हणाले, "टाकी भरली का?"

"आत्या आली!" देवव्रत ओरडला. "आता सोडतो बघा!"

"ओढू नकोस!" नीलिमा किंचाळली.

विचारायला, सांगायला, समजवायला वेळच नव्हता. तिने दोन बायकांना ढकललं, रांगोळीवरून उडी मारली, पाळण्यातलं बाळ दुपट्यासकट उचललं आणि ओसरीकडे धाव घेतली. मागे दोरी ओढली गेली.

जे झालं त्याचं वर्णन करायला शब्द नाहीत, पण चाळीस-पन्नास फोनांमध्ये ते आजही जपून ठेवलेलं आहे. आधी कापडाने एक मोठ्ठा उसासा टाकला. मग अख्खी कावेरी खाली आली! पाळणा उलटा झाला. रांगोळी फाटकाबाहेर निघाली. देवव्रत दोरीसकट बसला तो पाण्यातच बसला. 'टाकी भरली का'चं उत्तर ऐकायला पुढे सरकलेले उमाजीराव नखशिखांत भिजले. त्यांच्या टोपीतून पाणी दोन्ही कानांवरून ओघळत होतं. टॅक्सीतून उतरताना उन्हासाठी उघडलेली छत्री बहिणीने अजून मिटली नव्हती, म्हणून तेवढ्या कृष्णाबाई कोरड्या राहिल्या. त्यांनी भावाकडे शांतपणे पाहिलं.

"भरली रे उमाजी," त्या म्हणाल्या.

आणि त्याच क्षणी फाटकातून शुभंकर आत आला, दोन्ही हातांत नारळ उंच धरून. "आणले! एका निरोपात!"

 आतून मोटरचा आवाज येत होता. ती अजूनही पाणी चढवतच होती.

"किल्ली," नीलिमा म्हणाली. हा एकच शब्द तिने असा उच्चारला, की शुभंकरने नारळ टाकून खिसा चाचपला.

पेटी उघडली. मोटर गुरगुरत होती, शेजारी बोर्ड साखरझोपेत होता. त्याच्यावरचा दिवासुद्धा विझलेला. त्या अख्ख्या घरात दोनच जीव शांत झोपले होते, एक नीलिमाच्या खांद्यावरचं बाळ आणि दुसरा तो बोर्ड! शुभंकरने मुकाट्याने मोटरचा खटका ओढला. हौदात पाहिलं, तर तळाशी जेमतेम बादलीभर पाणी.

"असं होणारच नाही," तो पुटपुटला. "सेन्सरने निरोप धाडला असणार. बेल वाजली असणार. मी टेस्ट केलं होतं!"

इथे मात्र नीलिमाचा बांध फुटला. अख्ख्या मांडवासमोर फुटला.

"टेस्ट! मी तुला दोन गोष्टी सांगायला आले होते. दोन! पहिली ऐकलीस आणि पळालास! दुसरी माझ्या तोंडातच राहिली. गच्चीवरून पाणी वाहतंय, हे सांगत होते मी! पण तुला काय, हाक आली, निरोप घेतला, सुटला! दारात अजून कोणी उभं आहे का, एवढं तरी वळून बघशील की नाही?"

शुभंकर तिच्याकडे बघतच राहिला.

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय परत म्हण? लाज आहे का?"

"नाही, नीलिमा, तेच झालंय! अगदी तेच! दोन निरोप लागोपाठ आले असणार. बेल एकदाच वाजली. बोर्ड उठला, पहिला निरोप घेतला आणि झोपला. दुसरा दारातच राहिला. आणि सगळे निरोप आत घेतल्याशिवाय चिप बेलवरचं बोट काढतच नाही! बोट दाबलेलंच राहिलं, मग बेल पुन्हा वाजणार कशी? तो जन्मात उठला नसता!" त्याचा चेहरा आनंदाने उजळला होता. गुडघाभर चिखलात उभं राहून आनंदित होणारा माणूस नीलिमाने पहिल्यांदाच पाहिला. "फक्त एक कळत नाही. टाकी तर 'भरली' एवढंच म्हणते. त्याच घटकेला दुसरा निरोप आला कुठून?"

आता हळूहळू सगळ्यांच्या माना उमाजीरावांकडे वळल्या. उमाजीराव ओल्या सदऱ्याच्या खिशात फोन आणखी खोल सारत होते.

"अहो," अक्का म्हणाल्या, "बटण दाबलंत?"

"स्वल्प."

"स्वल्प म्हणजे?"

"म्हणजे... परत येताना दाबलं की टॅक्सीत."

"आणि जाताना?"

"जाताना पण." उमाजीराव खाली बघत म्हणाले. "आणि स्टेशनावर. गाडी लेट होती. मग उत्तर यायचं बंद झालं, म्हणून अजून दाबलं."

अक्कांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एक विचारल्याशिवाय राहत नाही, दुसरा पुरतं ऐकून घेत नाही. मग त्यांनी पदर खोचला. पदर खोचला की उमाजीरावसुद्धा सावध होतात.

"देवव्रत, तुला वरचं घर पाहिजे म्हणत होतास ना?"

 संपलं सगळं, नीलिमाला वाटलं. जकरंदा गेला, कोडबळी गेली, पुन्हा दलाल, पुन्हा ती न्हाणी ओट्यापाशी! तिने बाळाला उगाचच घट्ट धरलं.

"हो काकू," देवव्रत मोजपट्टी पिळत म्हणाला.

"सरी. पण जो वर राहील, त्यानं टाकीची जबाबदारी घ्यायची. हे विचारतील तेव्हा गच्चीवर जाऊन बघायचं आणि सांगायचं. हे किती वेळा विचारतात, ठाऊक आहे की तुला."

देवव्रतने काकांकडे पाहिलं. काका थंडीने कुडकुडत होते, पण कुडकुडतानाही त्यांची नजर गच्चीकडेच होती. देवव्रतने मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली.

"काकू, खरं सांगू का? देवनहळ्ळी काय तेवढी लांब नाही."

अक्का नीलिमाकडे वळल्या. "पोरीला उचललंस, ते कोणी सांगितलं म्हणून उचललंस?"

"नाही, अक्का."

"बघा की!" अक्का मांडवाला म्हणाल्या. "हिला कोणी बेल वाजवली नाही, कोणी बटण दाबलं नाही. हिला दिसलं आणि ही धावली. हिला मी सोडते होय? नीलिमा, तू कुठं जायचं नाहीस. तुझा नवरा तुझ्याबरोबर फुकट."

नीलिमाला हसू आणि रडू एकदमच आलं. शंभर माणसांसमोर तिने अक्कांच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं.

पाळणा पुसून पुन्हा उभा केला. टाकी काठोकाठ भरलेली असल्यामुळे पंगतीला पाणी पुरलं, हे एक बरं झालं. कृष्णाबाईंनी बाळाच्या कानात 'स्वानंदी' म्हटलं. बाळाने एक डोळा उघडला, जगाचा एकंदर रागरंग पाहिला आणि पुन्हा मिटला. घुगऱ्यांत मात्र खोबरं कमीच पडलं, कारण दोन्ही नारळ वाहून शेजाऱ्यांच्या अंगणात गेले होते.

शुभंकरने त्याच दिवशी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता बेल वाजली की बोर्ड उठतो, निरोप घेतो आणि झोपण्याआधी विचारतो, अजून कोणी आहे का? अजून? दारात कोणीच उरलं नाही, की मगच अंग टाकतो. तेव्हापासून एकदाही चुकलेला नाही. इतकं निर्दोष काम शुभंकरच्या हातून यापूर्वी कधी झालं नव्हतं.

पण ते बघायला कोणाला सवड आहे? अक्कांनी उमाजीरावांच्या फोनमधलं ते बटण काढून टाकायला लावलं. त्यामुळे बोर्डाला आता कोणीही काहीही विचारत नाही. तो मोटरच्या पेटीत निवांत झोपलेला असतो.

परवा संध्याकाळी जेवताना शुभंकरने घास हातात धरून पुन्हा विषय काढला. "नीलिमा, मला एक भन्नाट आयडिया सुचलीये. अण्णांच्या खोलीत एक छोटा दिवा बसवू. टाकी भरली की तो आपोआप..."

"शुभंकरप्पा!" खालून हाक आली. "टाकी भरली का?"

शुभंकरने घास ताटात ठेवला, हात धुतला आणि चपला शोधू लागला.

"जा," नीलिमा भात वाढून घेत म्हणाली. "इंटरप्ट आला तुझा."

"हा इंटरप्ट नाही," शुभंकर उरलासुरला मान सांभाळत म्हणाला. "दर दहा मिनिटांनी येतंय. हे पोलिंग आहे."

आणि तो जिना चढू लागला. तो अर्ध्यावर पोचतो न पोचतो, तोच खालून पुन्हा हाक आली.